समतेचा हिशेब मांडणारे ते चौघे

शिष्यवृत्ती वेळेवर द्या, वसतिगृहांची संख्या वाढवा, सफाई कामगारांना कायम करा. कुठलीही मागणी घेऊन उभे राहिलो की समोरून ठरलेला प्रश्न येतो, "पैसा कुठून आणणार?" उड्डाणपूल बांधताना, कंपन्यांना करसवलत देताना, पुतळ्यांची उंची वाढवताना हा प्रश्न कुणाला आठवत नाही. तो फक्त आमच्यासाठी राखीव आहे. आरक्षणाच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांनी या आरक्षणावरही कधीतरी बोलावं!

हा प्रश्न थेट मतपत्रिकेवर छापला तर काय होतं, हे पाहायचं असेल तर अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याकडे पाहावं लागेल. तिकडचा विषय इकडे कशाला, असं काही मित्र म्हणतील. शेवटपर्यंत वाचा, मग बोलू.

फ्लोरिडात सामान्य नागरिक स्वतः राज्यघटनेत दुरुस्ती सुचवू शकतात. आपल्याकडे कलम ३६८ नुसार घटनादुरुस्तीचं विधेयक संसदेतच मांडावं लागतं, तिथे लोक सह्या गोळा करून प्रस्ताव थेट मतदानाला नेतात. सह्या थोड्याथोडक्या लागत नाहीत. २०२४ च्या निवडणुकीसाठी ८,९१,५२३ वैध सह्यांची अट होती. सर्वोच्च न्यायालयाने प्रस्तावाची भाषा तपासायची, मग तो मतपत्रिकेवर येणार आणि मंजूर व्हायला ६० टक्के मतं लागणार. ही ६० टक्क्यांची अटसुद्धा २००६ साली घटनादुरुस्तीनेच आली. तेव्हा साधं बहुमत पुरत होतं आणि त्या दुरुस्तीला स्वतःला ५८ टक्क्यांच्या आसपासच मतं मिळाली होती. म्हणजे ज्या दारातून ती आत आली, ते दार तिने आत येताच मागच्यांसाठी लावून घेतलं. हा खेळ आपल्या लोकांना नव्याने समजावून सांगायची गरज नाही.

लोकांनी सुचवलेल्या प्रत्येक दुरुस्तीखाली तिथे एक आर्थिक निवेदन छापलं जातं. ही दुरुस्ती मंजूर झाली तर राज्य आणि स्थानिक सरकारांच्या खर्चावर, उत्पन्नावर काय परिणाम होईल, हे त्यात थोडक्यात सांगायचं. ते लिहिण्यासाठी चार जणांची परिषद असते. एक गव्हर्नरच्या कार्यालयाचा, एक सिनेटचा, एक हाउसचा आणि एक विधिमंडळाच्या आर्थिक संशोधन कार्यालयाचा. प्रस्ताव आणणाऱ्या लोकांचा प्रतिनिधी या चौघांत नसतो. त्याने समोर येऊन बाजू मांडायची, लिहिणार हे चौघे.

ही पद्धत उगाच आली नाही. २००० साली फ्लोरिडाच्या मतदारांनी वेगवान रेल्वेची दुरुस्ती मंजूर केली, २००४ साली खर्चाचा आकडा पाहून ती रद्दही केली. २००२ साली गाभण डुकरिणींना अरुंद पिंजऱ्यात कोंडू नये, अशी दुरुस्ती घटनेत गेली आणि लोकांच्या घटनादुरुस्त्यांची टिंगल करणाऱ्यांना आयतं उदाहरण मिळालं. त्याच वर्षी सरकारी शाळांतल्या वर्गांत मुलांची संख्या मर्यादित ठेवण्याची दुरुस्ती आली. तिचा खर्च आठ वर्षांत २,००० ते २,७५० कोटी डॉलर होईल, असा सरकारी अंदाज होता. गव्हर्नर जेब बुश यांनी विरोधात प्रचार केला. तरी लोकांनी ती निसटत्या बहुमताने मंजूर केली. मुलांना चांगला वर्ग मिळावा यासाठी आपण पैसे मोजू, असं लोकांनी आकडा माहीत असताना सांगितलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता २०१८ ची चौथी दुरुस्ती पाहा. गुन्ह्याची शिक्षा पूर्ण भोगून बाहेर आलेल्यांना मताचा हक्क परत द्यायचा, खून आणि लैंगिक गुन्हे वगळून, एवढीच ती मागणी. यादवी युद्धानंतर काळ्या लोकांना मताचा हक्क देणं भाग पडलं, तेव्हा १८६८ च्या फ्लोरिडा घटनेत शिक्षा झालेल्यांचं मत कायमचं काढून घेणारी तरतूद आली. दीडशे वर्षांनी तिचा परिणाम काय? २०१६ च्या सुमाराला फ्लोरिडातल्या दर पाच प्रौढ काळ्या नागरिकांमागे एकाहून अधिक जण मताला मुकले होते. स्वतः शिक्षा भोगून आलेले, बेघर राहिलेले आणि नंतर कायदा शिकलेले डेस्मंड मीड या मोहिमेचं नेतृत्व करत होते.

त्या दुरुस्तीखाली चौघांनी काय लिहिलं? नेमका खर्च ठरवता येत नाही, पण अधिक माजी कैदी नोंदणी करतील म्हणून एकूण खर्च आजच्यापेक्षा वाढेल. विचार करा, मित्रहो. सुमारे १४ लाख माणसांना नागरिक म्हणून परत उभं करायचा प्रश्न आणि त्याखाली नोंदणी कार्यालयाच्या कागदपत्रांचा खर्च! लोकांनी ते वाचलं आणि ६४ टक्क्यांहून अधिक मतांनी दुरुस्ती मंजूर केली.

त्यानंतर खरी गंमत झाली. २०१९ साली विधिमंडळाने कायदा केला की शिक्षा 'पूर्ण' होणे म्हणजे दंड, न्यायालयीन शुल्क, भरपाई असं सगळं फेडणे. मताला किंमत लागली. मतदानासाठी डोईपट्टी घेण्यावर केंद्रीय निवडणुकांपुरती १९६४ साली घटनेनेच बंदी आली होती, ती मागच्या दाराने परत आली. साडेसात लाखांहून अधिक माणसांकडे अशी देणी बाकी असल्याचा अंदाज न्यायालयात मांडला गेला. पण कुणाकडे नक्की किती बाकी आहे, हे सरकारला अनेकांच्या बाबतीत सांगताच येत नव्हतं. जुनी कागदपत्रं गहाळ, एका कार्यालयाची नोंद दुसऱ्याशी जुळेना. लोकांच्या हक्काचा सरकारवर किती बोजा पडेल हे सांगायला परिषद आहे, त्याच हक्कासाठी माणसाने सरकारला किती द्यायचं हे सांगायला कुणी नाही. २०२० च्या मे महिन्यात एका केंद्रीय न्यायाधीशाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली, सप्टेंबरमध्ये वरच्या न्यायालयाने सहा विरुद्ध चार मतांनी तो निकाल फिरवला. नोव्हेंबरमध्ये अध्यक्षपदाची निवडणूक होती.

त्याच निवडणुकीत तासाचं किमान वेतन ८.५६ डॉलरवरून पायरीपायरीने २०२६ पर्यंत १५ डॉलरवर न्यायची दुरुस्ती मतदानाला होती. चौघांचा अंदाज असा की सरकारी पगारांचा वाढीव खर्च २०२२ मध्ये १ कोटी ६० लाख डॉलर आणि २०२७ पर्यंत वर्षाला ५४ कोटी डॉलर. इतर परिणाम चांगले-वाईट दोन्ही आहेत, पण आकड्यात मांडता येत नाहीत. शिवाय राज्याच्या तिजोरीवर बोजा पडतो असं निघालं तर कर वाढतील किंवा सेवा कमी होतील, असा इशारा छापण्याचा नियम २०१९ मध्ये झाला होता. तो इशारा इंग्रजी मोठ्या अक्षरांत छापला गेला. इंग्रजीत असं छापणं म्हणजे कागदाने ओरडणं.

या ५४ कोटींकडे जरा नीट पाहू. त्या वर्षी फ्लोरिडा राज्याचा अर्थसंकल्प सुमारे ९,२२० कोटी डॉलरचा होता. स्थानिक सरकारांचे अर्थसंकल्प बाजूला ठेवून, एकट्या राज्याच्या तिजोरीशी तुलना केली तरी हा बोजा शंभर डॉलरमागे साठ सेंटसुद्धा भरत नाही. आणि वहीचं दुसरं पान? आठवड्याला ४० तास आणि वर्षाला ५२ आठवडे राबणाऱ्या कामगाराला तासाला ६.४४ डॉलर जास्त मिळाले, तर वर्षाला १३,३९५ डॉलर होतात. महागाईनुसार थोडी वाढ जुन्या नियमानेही मिळाली असती, ती वजा करा. तरी उरते ती रक्कम घरभाड्याची, औषधाची, पोराच्या शाळेची आहे. फ्लोरिडात वैयक्तिक प्राप्तिकर नाही, राज्य चालतं मुख्यतः विक्रीकरावर. गरिबाच्या हातात आलेला डॉलर बँकेत झोपत नाही, तो दुकानात जातो आणि विक्रीकर भरतो. मतपत्रिकेवर यातला कामगार कुठेच नाही. तिथे फक्त मालक म्हणून सरकार दिसतं. तरी ६०.८ टक्के लोकांनी होय म्हटलं, तेही ज्या राज्यात ट्रम्प जिंकले त्याच राज्यात, त्याच दिवशी.

२०२४ मध्ये मात्र निवेदनाने आपला खरा रंग दाखवला. गर्भपाताचा हक्क राखणारी दुरुस्ती मतदानाला होती. आधीचं निवेदन जुनं झालं म्हणून परिषद जुलैमध्ये पुन्हा बसली, तेव्हा हाउसच्या जागेवर हेरिटेज फाउंडेशन या उघड उजव्या संस्थेतली व्यक्ती होती. नवीन निवेदनात लिहिलं गेलं की खटले होतील, त्यांचा खर्च पडेल. सरकारी पैशातून गर्भपात करावे लागतील की नाही हे अनिश्चित आहे. आणि गर्भपात वाढले तर कालांतराने महसुलाच्या वाढीवर वाईट परिणाम होऊ शकतो. म्हणजे बाईचं गर्भाशय हे भावी करदाते पुरवणारं खातं! एकूण परिणाम मात्र सांगता येत नाही, अशी पुस्ती शेवटी. परिणाम सांगता येत नाही तर एवढी भीती कशाला छापली? राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक मताने हे निवेदन मतपत्रिकेवर राहू दिलं. दुरुस्तीला ५७ टक्के मतं पडली आणि ती हरली. निवेदनामुळेच हरली, असं आम्ही म्हणणार नाही, त्याला पुरावा नाही. पण जिंकण्या-हरण्यात तीन टक्क्यांचं अंतर असताना मतपत्रिकेवरची ओळ ही किरकोळ गोष्ट राहत नाही.

याच मतपत्रिकेवर पाचवी दुरुस्तीही होती. स्वतःच्या राहत्या घराच्या मालमत्ता करातली सूट दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवायची. ती मंजूर झाली. त्यामुळे शहरांचं, जिल्ह्यांचं उत्पन्न घटणार हे शाळकरी पोरालाही कळेल. तिच्याखाली आर्थिक निवेदन होतं का? नव्हतं. कारण ती विधिमंडळाने सुचवली होती आणि निवेदनाची सक्ती फक्त लोकांनी सुचवलेल्या दुरुस्त्यांना आहे. घरमालकाची सूट बिनबोभाट, मजुराचं वेतन इशाऱ्यासह.

इथवर वाचून आपल्यातले काही तरुण म्हणतील, हक्काला किंमत लावणंच मुळात अपमान आहे, असला हिशेब आम्हाला नको. ही भावना आम्हाला समजते, पण ती आम्हाला मान्य नाही. आपण ज्यांचं नाव घेतो ते बाबासाहेब सार्वजनिक वित्ताचे पंडित होते. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर आणि रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी ग्रंथ लिहिले. ते हिशेबापासून पळाले नाहीत, त्यांनी हिशेबाचं दुसरं पान उघडलं. १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी विचारलं ते हेच, की ठरावीक मर्यादेखालच्या उत्पन्नाला प्राप्तिकर माफ, मग गुंठाभर जमिनीच्या शेतकऱ्याकडून मात्र पीक येवो न येवो सारा का घेता? १९२८ मध्ये प्रसूती रजेच्या विधेयकावर खर्चाचा मुद्दा आला, तेव्हा खर्चच नाही असं ते म्हणाले नाहीत. आईची विश्रांती हे देशाचं हित आहे, म्हणून भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा आणि मालकानेही काही उचलावा, असं त्यांनी सांगितलं. किती खर्च, कुणाच्या फायद्याचा, कुणी उचलायचा, या तीन प्रश्नांपैकी फ्लोरिडाचे चौघे फक्त पहिल्याचं उत्तर देतात, तेही अर्धं.

प्रौढ मताधिकाराचंच घ्या. बाबासाहेबांनी तो सायमन कमिशनपुढे मागितला. १९३२ च्या मताधिकार समितीचे ते स्वतः सदस्य होते आणि त्या समितीने प्रौढ मताधिकार तूर्त व्यवहार्य नाही, असं ठरवलं. एवढ्या लोकांच्या याद्या, मतदान केंद्रं, अधिकारी आणायचे कुठून? वीस वर्षांत स्वतंत्र भारताने १७ कोटींहून अधिक मतदारांची यादी करून निवडणूक घेऊन दाखवली. तेव्हाच्या एखाद्या मतपत्रिकेवर चौघांचं निवेदन असतं तर 'खर्च वाढेल, नेमका किती ते सांगता येत नाही' एवढंच छापलं गेलं असतं. वाक्य खरं असतं आणि फसवंही.

म्हणून हिशेब नको ही मागणी चुकीची आहे. मागणी अशी हवी की हिशेब सगळ्यांना लागू करा, सरकारच्या प्रस्तावालाही आणि धनिकांच्या सवलतीलाही. काय बदललं नाही तर किती नुकसान चालू राहतं, तेही त्याच कागदावर लिहा. आणि लिहिणाऱ्यांत ज्यांचा प्रश्न आहे त्यांचा माणूस बसवा. आपल्याकडे सरकारी तिजोरीतून खर्च होणार असेल तर विधेयकाला वित्तीय ज्ञापन जोडलेलं असतं. किती कार्यकर्त्यांनी एकतरी वाचलं आहे? आम्हीही फार उशिरा वाचायला लागलो, हे कबूल करतो. घोषणा तोंडपाठ आणि अर्थसंकल्पाचं पुस्तक बंद, ही आपली जुनी सवय.

अनुसूचित जातींसाठीच्या निधीचा स्वतंत्र कायदा आंध्र प्रदेशने २०१३ मध्ये केला, कर्नाटकनेही त्याच वर्षी केला. महाराष्ट्रात तीच मागणी घेऊन पुढच्या वेळी जाल तेव्हा निवेदनासोबत एक पान आपलंही जोडा. लोकसंख्येच्या प्रमाणात किती निधी यायला हवा होता, किती तरतूद झाली, किती खर्च झाला, किती दुसरीकडे वळवला आणि त्यामुळे आपल्या तालुक्यातल्या वसतिगृहात किती मुलींना जागा मिळाली नाही. वाणिज्य शाखेची दोन पोरं, जिल्हा समाजकल्याण कार्यालयात टाकलेला एक माहिती अधिकाराचा अर्ज आणि दोन रविवार एवढ्यावर पहिला कच्चा मसुदा होतो. आकडे जुळले नाहीत तर तेही त्या पानावर लिहा, आणि का जुळत नाहीत हे साहेबांना विचारा.