अनुस्वार की डाग?

ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीच्या जुन्या वाचनालयात शिरले आणि असंख्य ग्रंथ भिजून निकामी झाले. 2005 च्या महापुराने दिलेला इशारा आपण पुरेसा ऐकला नव्हता. कुपवाड नदीपासून दूर आहे. पण सांगली-मिरज-कुपवाड अशा एकाच महापालिकेत नांदणाऱ्या आम्हां कुपवाडकरांना हे नुकसान परके कसे वाटेल? त्यानंतर 'पुस्तके स्कॅन करून ठेवा' असा सल्ला सर्वत्र ऐकू येऊ लागला. सल्ला योग्यच आहे. मात्र मूळ प्रत गेली की तिची प्रतिमा हाच एकमेव पाठ उरतो, आणि या पाठाची चिकित्सा कशी करावी हे आपण साहित्याच्या विद्यार्थ्यांना शिकवत नाही, ही आमची तक्रार आहे.

'छायाचित्र' या शब्दामुळे वस्तूची छाया जशीच्या तशी उतरते असा समज होतो. प्रत्यक्षात डिजिटल कॅमेरा मोजणी करतो. पानावरून परतलेला प्रकाशकण सिलिकॉनमध्ये शिरून एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो. असे किती इलेक्ट्रॉन जमले यावरून त्या बिंदूची उजळता ठरते. प्रकाशकण मात्र ठरल्या हिशेबाने येत नाहीत. सरासरी शंभर अपेक्षित असतील तर सुमारे दहाचा फरक पडतो, म्हणजे दहा टक्के. दहा हजार असतील तर फरक शंभराचा, म्हणजे अवघा एक टक्का. अंधुक उजेडात टिपलेले पान रवाळ दिसते ते यामुळे. रंगांचे तर आणखी निराळे. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी 1976 मध्ये पेटंट घेतलेल्या योजनेनुसार प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी वा निळी यांपैकी एकच गाळणी असते. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अनुमानाने भरले जातात. म्हणजे अशा चित्रातील रंगमूल्यांपैकी दोन-तृतीयांश मूल्ये प्रत्यक्ष मोजलेली नसतातच!

पुढची पायरी अधिक धोक्याची. फाईल लहान व्हावी म्हणून करड्या छटा टाकून प्रत्येक बिंदू काळा किंवा पांढरा ठरवला जातो. छापील अनुस्वार पाव ते अर्धा मिलिमीटरचा. इंचाला 300 बिंदू धरले तर त्याच्या वाट्याला तीन ते सहा बिंदूंची रुंदी येते. काळ्या-पांढऱ्याची सीमारेषा जरा सरकली की फिकट अनुस्वार नाहीसा होतो, किंवा बुरशीचा डाग अनुस्वार होऊन बसतो. 'त्याचा' आणि 'त्यांचा' यांत अंतर एका ठिपक्याचे आहे. 1962 च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या ग्रंथांत तो ठिपका भाषेच्या इतिहासाचा पुरावा असतो. ही भीती काल्पनिक नाही. काही झेरॉक्स यंत्रे स्कॅन करताना 6 च्या जागी 8 उमटवतात, हे डेव्हिड क्रीझेल यांनी 2013 मध्ये दाखवून दिले. जागा वाचवण्यासाठी यंत्र सारख्या दिसणाऱ्या आकृत्यांना एकच मानत होते. जुन्या लेखनिकाचा प्रमाद निदान हस्ताक्षरावरून ओळखता येई. हा प्रमाद स्वच्छ छपाईच्या वेषात येतो.

याच प्रकाशविद्येची दुसरी बाजू आश्वासक आहे. सिलिकॉनला डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाशही सुमारे 1100 नॅनोमीटरपर्यंत जाणवतो. काजळाची शाई हा प्रकाश शोषून काळीच राहते, तर पाण्याचे अनेक तपकिरी डाग त्यात फिके पडतात. आपल्या कित्येक पोथ्या अशाच शाईने लिहिल्या आहेत. साध्या उजेडात हरवलेली ओळ तिथे पुन्हा वाचता येण्याची शक्यता असते. ज्याने केवळ काळी-पांढरी प्रत राखली, त्याने ही वाट आपल्या हाताने बंद केली.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. संवेदकाने नोंदलेली मूळ, असंस्कारित प्रतिमा जपावी. वाचनासाठीची हलकी प्रत वेगळी करावी. आणि कोणता प्रकाश वापरला, कोणते संस्कार केले याची नोंद सोबत ठेवावी. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना पाठभेद तळटीपांत राखले, वगळलेले पाठही वाचकापुढे ठेवले. तीच शिस्त प्रतिमेलाही लागू व्हावी. हे काम तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होता येणार नाही. ठिपका डाग आहे की अनुस्वार, हे अखेर मराठी जाणणाऱ्यालाच सांगता येईल. पण त्यासाठी तो ठिपका आधी फाईलमध्ये उरलेला असावा लागतो.