घरांतील बालमंदिर : ‘तूंच काढून दे !’

सोलापूरनजीकच्या कुंभारी गांवाहून एका भगिनीचें पत्र आलें आहे. यजमानांच्या नोकरीनिमित्त हें कुटुंब दोन वर्षांपूर्वीं पुण्याहून तेथें राहावयास गेलें. चिरंजीवांस नुकतेंच पांचवें वर्ष लागलें आहे. पत्रांतील मजकूर थोडक्यांत असा :

“माझा मुलगा पूर्वीं हवें तसें रेखाटीत असे. आतां कागद पुढें ठेवला कीं म्हणतो, ‘मला येत नाहीं, तूंच काढून दे.’ मीं काढून दिलें म्हणजे त्यांत रंग भरतो, आणि रंग जरासा रेघेबाहेर गेला कीं रडूं लागतो. शेजारच्या विडी-कामगार बाईंची त्याच्याच वयाची मुलगी विटेच्या तुकड्यानें आमच्या अंगणांत फरशीभर चित्रें काढीत असते. तिच्याजवळ कांहीं नाहीं. याच्याजवळ चोवीस रंगांची पेटी आहे, छापील चित्रांचीं पुस्तकें आहेत. मग माझें चुकलें कोठें ?”

या प्रश्नास उत्तर देण्यापूर्वीं मला माझ्या एका चुकीची कबुली दिली पाहिजे. माझी कन्या चार वर्षांची असतांना तिनें पाटीवर एक गाय काढली. त्या गाईस पांच पाय होते. मीं हंसून, अगदीं प्रेमानें, एक पाय पुसला व म्हटलें, ‘बाळ, गाईला चारच पाय असतात.’ तिनें पाटीकडे पाहिलें व ती म्हणाली, ‘ती शेपटी होती.’ मला वाईट वाटलें. म्हणून मीं लगेच माझ्या हातानें एक चांगली गोंडेदार शेपटी काढून दिली. त्या दिवसापासून ती पाटी घेऊन आधीं माझ्याकडे येई व विचारी, ‘याला किती पाय काढूं ?’ पुढें पुढें तर पाटी येईनाशीच झाली. आज ती स्वतः आई आहे. मुलांनीं ‘मोर काढ’ म्हटलें कीं ती त्यांस आजीकडे पाठविते.

तेव्हां भगिनी, तुमचें चुकलें असेल तर तें इतकेंच कीं, तुम्हांला चित्र बरें काढतां येतें, आणि तें तुम्हीं त्याच्यासमोर काढलें. छापील पुस्तकांनीं त्यांत भर घातली. त्या पुस्तकांत रेघ मोठ्यांची असते, मुलाचें काम केवळ तिच्या आंत राहण्याचें. रोज तेंच करणाऱ्या मुलाची अशी समजूत होते कीं, खरें चित्र दुसऱ्यालाच येतें.

मुलाचा हात कोणत्या क्रमानें तयार होतो हें ठाऊक असलें, तर आई पुष्कळ धीरानें घेईल. दीड वर्षाच्या सुमारास मूल खडू मुठींत धरून रेघोट्या ओढूं लागतें. तिसऱ्या वर्षाच्या आगेंमागें त्यास वर्तुळ मिटवितां येतें. चौथ्याच्या सुमारास फुली, साडेचार-पांचाच्या सुमारास चौकोन, आणि त्रिकोण तर पांच-सहांच्या दरम्यान. याच काळांत तें पहिला मनुष्य काढतें. एक मोठें डोकें आणि त्यांतूनच निघालेले दोन पाय, असा तो असतो. धड नाहीं, मान नाहीं. देशोदेशींचीं मुलें बहुधा हाच मनुष्य काढतात. आईनें त्याला धड जोडून दिलें तर चित्र सुधारतें. परंतु जी पायरी मूल स्वतः चढणार होतें ती त्याच्या पायाखालून निघून जाते. व्हिएन्ना येथील चित्रकार फ्रान्झ चिझेक यांनीं १८९७ सालीं मुलांसाठीं चित्रकलेचा वर्ग उघडला, तेव्हां त्यांनीं हीच गोष्ट ओळखली होती. मोठ्यांच्या चित्रांची नक्कल करविण्याऐवजीं मुलांच्या मनांतलें कागदावर येऊं देणें, हें त्या वर्गाचें धोरण होतें.

परंतु याकरितां व्हिएन्नापर्यंत जाण्याची गरज नाहीं. तुमच्या कुंभारीसच विडी-कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची जी वसाहत २००६ सालीं त्यांच्या स्वाधीन झाली, तिला गोदूताई परुळेकर यांचें नांव आहे. पुण्याच्या सुखवस्तु घरांत वाढलेल्या गोदूताई १९४५ पासून ठाणें जिल्ह्यांतील वारली लोकांत जाऊन राहिल्या. तेथील वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याची हकीकत त्यांनीं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथांत लिहिली, व त्यास १९७२ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. ज्यांच्यासाठीं त्या झटल्या त्या वारल्यांच्या भिंतीकडे क्षणभर पाहा. गेरूनें रंगविलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, आणि लेखणी म्हणजे चेंचलेली काडी. लग्नाच्या वेळीं घरच्या सवाष्णी तेथें चौक लिहितात. या चित्रांत मनुष्य असतो तो टोंकाशीं टोंक जुळविलेल्या दोन त्रिकोणांचा. त्यावर डोक्याचें एक वर्तुळ आणि हातपायांच्या काड्या. ‘माणूस असा नसतो’ असें म्हणून कोणी तो पुसला नाहीं. म्हणूनच जिव्या सोमा म्हसे यांनीं त्या भिंतीवरची चित्रें कागदावर आणलीं तेव्हां जगानें तीं डोक्यावर घेतलीं, आणि २०११ सालीं म्हसे यांस पद्मश्री मिळाली. वर्तुळ, चौकोन आणि त्रिकोण एवढ्या सामग्रीवर एक सबंध कला उभी आहे. आणि तुमच्या पांच वर्षांच्या बाळाच्या हातीं यांपैकीं बहुतेक सामग्री आलेली आहे.

साधनांविषयींहि तोच भाग आपणांस शिकवितो. बोर्डी येथें १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं खेड्यांतील मुलांच्या शिक्षणास हात घातला, व अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. विकतचीं साधनें महाग म्हणून त्यांनीं शंखशिंपले, गारगोट्या, बिया, पानें आणि काड्या यांवर काम चालविलें. आपल्याहि स्वयंपाकघरांत आणि अंगणांत काय काय आहे तें आतां पाहूं.

पहिला खेळ पाण्याचा. एका भांड्यांत पाणी द्यावें, आणि एक जुना कुंचला किंवा काडीस गुंडाळलेली चिंधी द्यावी. मुलानें फरशीवर किंवा अंगणाच्या भिंतीवर पाण्यानेंच हवें तें काढावें. सोलापूरकडील उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो; तेव्हां हा खेळ सकाळींच उरकावा. काढलेलें चित्र पाहतां पाहतां वाळून नाहींसें होतें, हाच यांतला मोठा गुण आहे. जें उरतच नाहीं, त्यांत चूक कोण काढणार ? चुकीस भ्यालेल्या मुलास दुसरा कोणताहि खेळ देण्यापूर्वीं आठ दिवस हाच द्यावा.

दुसरा खेळ मातीचा. कुंभारी हें नांव ऐकतांच चाक आणि मडकीं डोळ्यांपुढें येतात. परंतु तिकडील शेतांतली काळी माती नुसती घेतली तर वाळतांना तडकते. यास्तव ती कुटून चाळावी, तीन वाट्या मातीस एक वाटी बारीक वाळू आणि चिमूटभर पिंजलेला कापूस घालून मळावी, व ओल्या फडक्यांत रात्रभर ठेवावी. दुसऱ्या दिवशीं मुलास लिंबाएवढा गोळा देऊन स्वस्थ बसावें. त्याची प्रथम वळी होईल, मग पोळी, मग बोळकें. बेंदराचे बैल घरोघर येतात त्या दिवसांत त्याचाहि एखादा बैल होईल. वस्तु सावलींत वाळवाव्या. उन्हांत ठेवल्यास त्या हमखास फुटतात.

तिसरा खेळ रंगांचा. दोन चमचे कणीक एक वाटी थंड पाण्यांत कालवून मंद आंचेवर ढवळीत शिजविली म्हणजे खळ होते. ती निवल्यावर तिच्या तीन-चार वाट्या कराव्या : एकींत गेरू, एकींत हळद, एकींत कोळशाची वस्त्रगाळ पूड. हे रंग बोटांनींच लावावे. खळ दोन दिवसांत आंबते, म्हणून थोडीच करावी; आणि टिकावी म्हणून तींत मोरचूद कधींहि घालूं नये, तें विष आहे. भेंडी आडवी कापून रंगांत बुडविली कीं पांच पाकळ्यांचें फूल उमटतें. चित्र येत नाहीं म्हणणारें मूल ठसे उमटविण्यास मात्र कधीं नाहीं म्हणत नाहीं. हळदीची तर एक गंमतच आहे. कागदास हळदीचें पाणी लावून तो वाळवावा, आणि पापडखाराच्या पाण्यांत काडी बुडवून त्यावर रेघ ओढूं द्यावी. पिवळ्यावर तांबडी रेघ उठते. तिच्यावर लिंबू पिळलें कीं ती पुन्हां पिवळी होते. क्षारानें हळदीचा रंग पालटतो, आंबटानें परत येतो, हें पुढें शाळेंत शिकावयाचें तें मूल येथें डोळ्यांनीं पाहतें. पापडखाराची वाटी मात्र आईनें आपल्या हातीं ठेवावी.

चौथा खेळ कागदाचा. तीन वर्षांच्या मुलास कात्री देऊं नये. जुनें वर्तमानपत्र फाडूं द्यावें आणि तुकडे खळीनें चिकटवूं द्यावे. पांच वर्षांच्या मुलास दोन रंगांच्या पट्ट्या द्याव्या व एक वरून, एक खालून अशी चटई विणावयास दाखवावें. सोलापुरी चादर अंथरुणावर असतेच. तिची कड उलटून धागा कसा वरखालीं जातो तें त्याला पाहूं द्यावें. ज्या गांवाची चादर देशभर गेली, त्या गांवानजीकच्या मुलास विणकामाचा पहिला धडा पुस्तकांतून घेण्याचें कारण नाहीं.

आतां कांहीं सावधगिरीच्या गोष्टी. शेंदूर रंगास सुरेख दिसतो, परंतु त्यांत शिसें असतें. तो मुलाच्या हातीं देऊं नये. जुन्या तैलरंगाचे पोपडेहि तसेच घातक. चुन्याचा थेंब डोळ्यांत गेल्यास डोळ्यास इजा होते. पांढऱ्या रंगासाठीं तांदळाची पिठी पुरे. मणी आणि बिया तीन वर्षांखालील मुलांपासून दूर ठेवाव्या. विड्यांसाठीं कापलेल्या तेंदूच्या पानांचीं कातरणें मुलांस फार मोहक वाटतात. परंतु जेथें तंबाखू हाताळतात तेथील पानें घेऊं नयेत. तंबाखूचें विष कातडीवाटेहि शरीरांत शिरतें.

राहिला मुख्य प्रश्न : मुलानें ‘तूंच काढून दे’ म्हटलें तर काय करावें ? नकार देऊं नये, आणि काढूनहि देऊं नये. त्याच्याशेजारीं बसावें व विचारावें, ‘हत्तीचें तुला पहिल्यानें काय दिसतें ?’ तो कान म्हणेल. ‘मग कानच काढ.’ हत्ती कानापासून सुरू झाला म्हणून कांहीं बिघडत नाहीं. फारच हट्ट धरला तर तुम्हीं डाव्या हातानें काढावें. तुमचा हत्ती वेडावांकडा झालेला पाहून तो आधीं हंसेल, आणि मग खडू हातांतून ओढून घेईल. मीं हा प्रयोग नातवावर केला आहे.

चित्र पुरें झाल्यावर ‘हें काय काढलेंस ?’ असें विचारूं नये; त्या प्रश्नांत ‘मला ओळखूं येत नाहीं’ हें उत्तर दडलेलें असतें. ‘वा, छान !’ असेंहि प्रत्येक वेळीं म्हणूं नये. मग तें त्याच एका शब्दासाठीं काढूं लागतें. ‘येथें तूं पुष्कळ तांबडा रंग घेतलास’, ‘ही रेघ कोपऱ्यापर्यंत गेली’, असें जें दिसतें तेंच बोलावें. पुढची हकीकत मूल आपण होऊन सांगतें. कागदाच्या पाठीमागें तारीख घालावी आणि चित्र त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावें.

आणि शेजारच्या त्या मुलीस, तिच्या आईस विचारून, रोज घटकाभर बोलवावें. दोघांना एकच फरशी आणि एकच पाण्याचें भांडें द्यावें. ‘बघ, तिला कसें येतें’ हे शब्द मात्र तोंडांतून जाऊं देऊं नयेत. ज्याची तुलना होते तें मूल खडू खालीं ठेवतें. ती काढील, तो पाहील. पहिले दोन दिवस तो नुसता पाहीलहि. पाहूं द्यावें. तुमची चोवीस रंगांची पेटी त्या दोघांमध्यें उघडी असूं द्यावी. आणि तिचे खडू मोडले तरी हिशेब ठेवूं नये.

महिन्यानें पुन्हां पत्र लिहावें. बाळाचें चित्र पाठविण्याची तसदी नको, तें भिंतीवरच शोभेल. तो अजून ‘तूंच काढून दे’ म्हणतो किंवा कसें, एवढें मात्र अवश्य कळवावें.