खेळातले प्रेम आणि घरातले मौन

बारामतीच्या एमआयडीसीत पाळी करणाऱ्या, इंदापूरकडे उसात राबणाऱ्या आई-बापांना एवढेच ठाऊक असते की पोरगा मोबाईलवर खेळतो. पण आजच्या व्हिडिओ गेममध्ये नुसत्या गाड्या आणि बंदुका नसतात. त्यांत प्रेम असते, शरीरसंबंधही असतात. त्यातून पोरे काय शिकतात, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

'द विचर' हा पोलंडच्या कंपनीचा खेळ. २००७ सालच्या पहिल्या भागात नायकाने बाईशी संबंध ठेवला की खेळणाऱ्याला तिच्या चित्राचा पत्ता मिळे. असे पत्ते जमवत जायचे! म्हणजे बाई ही बक्षिसाची वस्तू. त्याच कंपनीने २०१५ च्या तिसऱ्या भागात निराळे लिहिले. नायकाने दोघींनाही प्रेमाचा शब्द दिला, तर त्या दोघी मिळून त्याला पलंगाला बांधतात आणि निघून जातात. बाईलाही मन असते, हे लेखकांना आठ वर्षांत उमगले.

'स्टारड्यू व्हॅली' (२०१६) हा शेतीचा साधा खेळ. त्यात अश्लील काही नाही. आवडत्या माणसाशी बोलायचे, आठवड्याला दोन भेटवस्तू द्यायच्या. दहा बदाम भरले की लग्नाची मागणी घालता येते. खेळात हे गोड वाटते. पण हाच हिशेब डोक्यात बसला, तर पोरगा उद्या म्हणेल, "एवढे दिले, मग ती नाही कशी म्हणते?"

शिवाय जात पडद्यावरच्या त्या गावात कोणी विचारत नाही. आपल्याकडे विचारतात. उजनीच्या पाण्यापलीकडच्या करमाळा तालुक्यातले, जेऊरचे नागराज मंजुळे यांनी 'सैराट'मध्ये (२०१६) तेच दाखवले. आर्ची बुलेट चालवते, स्वतः बोलते, स्वतः निवडते. आणि त्या निवडीपायी दोघांचाही जीव जातो. प्रेम लिहावे तर असे, दोघांचे मन आणि भोवतालचा समाज दोन्ही दाखवून.

मोबाईल हिसकावून घेतल्याने हे कळणार नाही. मुलाला स्पष्ट सांगा की मुलीचे 'नाही' म्हणजे नाहीच. २०१२ च्या पोक्सो कायद्यात १८ वर्षांखालील मुलीचा होकारही धरला जात नाही, हेही सांगा. आणि मुलीने घरात कोणाचे नाव घेतले, तर हात उगारण्याआधी तिचे पूर्ण ऐकून घ्या.