मंजुळेची शिकवणी आणि सरावलीचा आवाज

‘आवाजाच्या दुनियेत करिअर’ अशा मथळ्याच्या जाहिराती आता महानगरांपुरत्या राहिलेल्या नाहीत. निवेदन, जाहिरातींचे आवाज, चित्रपट-मालिकांचे डबिंग, श्राव्यपुस्तके असे सारे काही आठवड्यांच्या वर्गात शिकवण्याचे आणि शेवटी हाती एक डेमो देण्याचे त्यांत आश्वासन असते. बोईसरला लागून असलेल्या, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीने वेढलेल्या सरावलीसारख्या गावातील एखाद्या मुलामुलीला ही जाहिरात खुणावली तर त्यात नवल नाही. कारखान्याच्या पाळ्यांखेरीज दुसरी वाट दिसत नसेल, आणि वर्गात ‘तू वाच, तुझा आवाज चांगला आहे’ असे एखाद्या शिक्षकाने कधी म्हटले असेल, तर त्या एका वाक्यावर भविष्य बेतावेसे वाटणे स्वाभाविक आहे. या व्यवसायाची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. आमचे म्हणणे आहे ते या शिक्षणात काय शिकवले जाते आणि काय पुसले जाते याविषयी. आणि ते साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे व अध्यापकांपुढे मांडण्याचे कारण असे की हे काम मुळात त्यांचे होते.

या विषयावरचे मराठीतले सर्वांत परिचित नाटक म्हणजे ‘ती फुलराणी’. शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांडे यांनी केलेले हे रूपांतर १९७५ मध्ये रंगभूमीवर आले, आणि मंजुळेच्या भूमिकेत भक्ती बर्वे होत्या. एक गंमत सहसा कोणी लक्षात घेत नाही. ज्या अभिनेत्रीने रस्त्यावर फुले विकणाऱ्या मुलीचे अशुद्ध ठरवलेले बोलणे रंगमंचावर इतके जिवंत केले, तीच दूरदर्शनवर निर्दोष प्रमाण मराठीत बातम्याही वाचत असे. म्हणजे त्या एका गळ्यात दोन्ही मराठी सुखाने नांदत होत्या. नाटकातल्या प्राध्यापकाला मात्र हे सुचत नाही. त्याच्या दृष्टीने नवे बोलणे आणायचे म्हणजे जुने काढून टाकायचे. त्याची पैज पूर्ण होते, पण या मुलीने आता जायचे कुठे, याचा विचार त्याने केलेला नसतो. आजच्या अनेक आवाज-शिकवण्या या प्राध्यापकाच्या घराण्यातल्या आहेत, असे आम्हांस वाटते.

पूर्वी ही विद्या वर्गात शिकवली जात नसे. मुंबईत १९२७ मध्ये प्रसारण सुरू झाले, पुढे आकाशवाणी आली, १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन होऊन माहितीपटांना मराठी निवेदन मिळू लागले, आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. या संस्थांत आवाजाची चाचणी होई आणि नाट्यकलावंतांना श्रेणी मिळे, पण खरे शिक्षण व्हायचे ते रोज वाचून. ‘पुन्हा प्रपंच’मुळे घराघरांत पोहोचलेले बाळ कुडतरकर किंवा नीलम प्रभू यांच्यासारखे कलावंत दिवसाला बातमी, श्रुतिका, सूचना, भाषण असे नाना प्रकारचे गद्य तोंडात घोळवत. त्या काळाबद्दल आम्हांला फार हळहळ वाटत नाही. तेथेही कोणाचा उच्चार आत घ्यायचा आणि कोणाचा दाराबाहेर ठेवायचा हे ठरलेले होते, आणि ग्रामीण कार्यक्रमांसाठी ‘ग्रामीण’ आवाजाचा एक वेगळा कप्पा होता. पण वाचनाला पर्याय नाही, एवढे त्या व्यवस्थेला पक्के ठाऊक होते. डॉ. अशोक दा. रानडे यांनी ‘भाषणरंग’ लिहून बोलण्याच्या क्रियेचा शास्त्रीय विचार मराठीत आणला, तोही मराठी विभागांच्या अभ्यासक्रमात फारसा मुरला नाही. असो.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. कमावलेला खर्ज म्हणजे चांगला आवाज, हा समज सर्वाधिक पसरलेला आणि सर्वांत निरुपयोगी आहे. मायक्रोफोनसमोर बसलेल्या माणसाची खरी परीक्षा लिपी घेते. देवनागरीत आपण ‘चार’ लिहितो. तो आकडा असेल तर ‘च’ तालव्य आणि गुरांना चारा घालण्याची आज्ञा असेल तर दंततालव्य. ‘जरा थांब’मधला ‘जरा’ आणि वार्धक्य या अर्थाचा संस्कृत ‘जरा’ कागदावर एकच दिसतात, तोंडात मात्र वेगळे होतात. हा भेद लिपी दाखवत नाही. तो वाक्य समजल्याशिवाय करता येत नाही. संख्यांचेही तसेच. १,२५,००० हा आकडा समोर आला की वाचणाऱ्याने क्षणात ठरवायचे असते, ‘एक लाख पंचवीस हजार’ की ‘सव्वा लाख’. हिशेबाच्या अहवालात पहिले शोभेल आणि कथेतल्या सावकाराच्या तोंडी दुसरे. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांच्यात अडखळणारे सुरेल आवाज आम्ही पुष्कळ ऐकले आहेत. श्वास कोठे घ्यावा हेही व्याकरणच सांगते. मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी येते, त्यामुळे लांब वाक्यात अर्थ शेवटच्या शब्दापर्यंत लोंबकळत राहतो. मध्येच दम टाकला तर ऐकणाऱ्याचा धागा तुटतो, आणि डोळ्यांनी वाचणाऱ्यासारखे त्याला मागे फिरून पाहता येत नाही.

डबिंगमध्ये याहून सूक्ष्म प्रकार चालतो. प, फ, ब, भ, म या वर्णांना ओठ मिटावे लागतात. पडद्यावरच्या नटाचे ओठ वाक्याच्या शेवटी मिटत असतील आणि मराठी संहितेत ‘मी येणार नाही’ असेल, तर तोंड उघडेच राहते आणि फसवणूक उघडी पडते. तेथे ‘माझं तिथे काय काम?’ असे केले की अर्थ राहतो आणि ओठही मिटतात. नकाराचे असे दहा पर्याय चटकन सुचायला केवळ आवाज पुरत नाही, भाषा पोटात असावी लागते. तेलुगूतून मराठीत येणारा संवाद त्या मानाने सोपा, कारण तेथेही क्रियापद शेवटी असते. इंग्रजी संवादात महत्त्वाचा शब्द आधी येऊन जातो आणि मराठी आवाज मुद्रेच्या मागून धावत राहतो. तौलनिक भाषाविज्ञानाचा इतका जिवंत पाठ कोणत्याही पदव्युत्तर वर्गात मिळणार नाही. पण तो वर्गात शिकवत नाहीत आणि स्टुडिओत त्याला त्या नावाने ओळखत नाहीत.

व्यवसायाचे म्हणाल, तर उमेदवाराने डोळे उघडे ठेवून यावे. मराठी डबिंग वाढले आहे हे खरे. ‘बाहुबली’ २०२१ मध्ये दूरचित्रवाणीवर मराठीतून आला; पण त्यातल्या प्रमुख पात्रांना आवाज दिले ते आधीच नावाजलेल्या नटांनी. त्याच वर्षी आलेल्या हिंदी ‘पुष्पा’त अल्लू अर्जुनला श्रेयस तळपदे यांचा आवाज होता. म्हणजे मोठ्या कामात प्रसिद्धी आधी, आवाज नंतर. नवख्याच्या वाट्याला गर्दीतले आवाज, दोन वाक्यांचे हवालदार आणि परिचारिका येतात. २०१७ मध्ये स्टोरीटेल भारतात आल्यानंतर मराठी श्राव्यपुस्तकांना चालना मिळाली आणि दीर्घ वाचनाचे एक नवे क्षेत्र उघडले, ही त्यातल्या त्यात आशेची गोष्ट. बोईसरहून मुंबईचे टोक सुमारे शंभर किलोमीटर. एप्रिल २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल सुरू झाल्यापासून अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओपर्यंत जाणे शक्य झाले, पण दोन वाक्यांसाठी अख्खा दिवस आणि घसा दोन्ही खर्ची पडतात. घरीच ध्वनिमुद्रण करावे तर रजया टांगून कोपरा गप्प करता येतो, पण वसाहतीतल्या अवजड गाड्या आणि पश्चिम रेल्वेचा भोंगा रजईला जुमानत नाहीत. (रात्री उशिरा वाचणाऱ्यांचा सूर आपोआप खाली येतो आणि त्यालाच लोक ‘गहिरा आवाज’ म्हणतात, हे अवांतर.)

या साऱ्यावर आता यंत्राचे सावट आहे, आणि येथेच आमच्या मुख्य मुद्द्याला धार येते. शिकवण्यांतून घडवला जातो तो ‘न्यूट्रल’ आवाज. गाव कळू नये, जात कळू नये, वय शक्यतो तिशीचे वाटावे. हाच आवाज यंत्राला सर्वांत आधी साधला. दूरध्वनीवरच्या सूचना, माहितीच्या छोट्या चित्रफिती, स्वस्त जाहिराती, म्हणजे नवख्याची पहिली पायरी असलेली कामे, कृत्रिम आवाज आज करू लागले आहेत. ज्या गुणासाठी मुलांनी आपली बोली दडवली, त्या गुणाचा भाव असा कोसळावा, हा क्रूर विनोद आहे. कायद्याचा आधार थोडा आहे. स्वामित्वहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचे हक्क अधिक स्पष्ट झाले. आपले नाव लागावे आणि सादरीकरणाची अप्रतिष्ठा करणारी मोडतोड होऊ नये, हे नैतिक हक्कही त्यात आले. जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंह यांच्या आवाजाच्या यांत्रिक नकलेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम संरक्षण दिले. पण ते प्रसिद्ध गायक. सरावलीतल्या मुलीने चार हजार वाक्ये वाचून दिली आणि करारात ‘कोणत्याही तंत्राने, कायमस्वरूपी वापर’ असे कलम असले, तर तिचा आवाज तिच्याविनाच पुढे बोलत राहील. आवाजाच्या वर्गात करार वाचायला शिकवले पाहिजे, हे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. तेही वाचनच आहे.

मग बोलीचे काय? सरावलीच्या आसपास वारली, वाडवळी, मांगेली कानावर पडतात, आणि कारखान्यांमुळे हिंदी, भोजपुरी, गुजरातीही. उत्तर कोकणातल्या काही बोलींत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो. शाळेत त्यावर हसतात आणि आवाज-वर्गात तो दोष म्हणून दुरुस्त करतात. ग्रीअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ च्या मराठी खंडात या पट्ट्यातल्या बोलींची नोंद आहे, आणि त्या सर्वेक्षणाने पुढे देशातल्या अनेक भाषाबोलींची ग्रामोफोन-मुद्रणे करून घेतली. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोली-सर्वेक्षणानेही असे नमुने ऐकण्यासाठी खुले केले. अभ्यासकाला जो आवाज जपून ठेवावासा वाटतो, तोच आवाज व्यवसायाला खोडावासा वाटतो, ही विसंगती दोन्ही बाजूंनी विचारात घेण्याजोगी आहे.

गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ घ्या. डहाणू-तलासरीच्या वारल्यांच्या लढ्याचे हे पुस्तक मोठ्याने वाचायचे झाले तर निवेदन प्रमाण मराठीत चालेल, पण त्यातल्या वारली माणसाचे बोलणे सदाशिव पेठेच्या सुरात आले तर पुस्तकाचा अर्थच बदलेल. तेथे नेमका तोच मुलगा हवा ज्याच्या घरी तो सूर आहे, आणि ज्याला प्रमाण निवेदनही येते. साहित्याबाहेरही ही गरज आहे. जानेवारी २०२० मध्ये तारापूर वसाहतीतल्या एका रसायन कारखान्यात प्राणघातक स्फोट झाला. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीला भूकंपाच्या धक्क्यांनी हैराण केले. घर सोडून बाहेर या, वारा कोणत्या दिशेचा आहे ते पाहा, अशा सूचना पाड्यावर ज्या भाषेत समजतात त्या भाषेत आधीच मुद्रित असाव्यात, एवढी साधी अपेक्षा आहे. ‘न्यूट्रल’ आवाजातली सूचना तेथे ऐकली जाईल, पण आपल्याला उद्देशून आहे असे वाटेलच असे नाही.

आमचा आक्षेप प्रमाण उच्चाराला नाही. तो शिकावाच, त्याशिवाय बातमी वाचता येणार नाही. आक्षेप आहे तो एक काढून दुसरे बसवण्याला. भक्ती बर्वे यांच्या गळ्यात जे होते ते येण्याजाण्याचे स्वातंत्र्य होते.

मराठीच्या विभागांनी येथे हात घालावा. आपल्याकडे मौखिक परंपरेवर प्रश्न विचारले जातात, पण विद्यार्थ्याने एक पान मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यावर गुण मिळाले, असे क्वचितच घडते. साधनांना पैसे लागत नाहीत. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे उलटली की त्याचे साहित्य मुक्त होते; हरिभाऊ आपटे, बालकवी, साने गुरुजी सगळे मुक्त आहेत, ते मुद्रित करून प्रसिद्ध करायला कोणाची परवानगी नको. अंध विद्यार्थ्यांना क्रमिक पुस्तके वाचून देणारे आवाज नेहमीच कमी पडतात. शंभर पाने तेथे वाचून दिली की कोणत्याही वर्गापेक्षा अधिक शिकणे होते, कारण ऐकणारा परीक्षेला बसणार असतो आणि चूक लगेच सांगतो.

सुरुवात ‘पण लक्षात कोण घेतो’पासून करता येईल. एका पुरुषाने लिहिलेले बाईचे आत्मकथन कोणत्या आवाजात वाचावे, यावर वर्गात एक तास सहज वाद होईल. त्यातले एक पान यमूच्या मराठीत वाचावे. दुसरे पान विद्यार्थ्याने आपल्या आजीचे बोलणे ऐकून स्वतः लिहून काढावे, ‘न’ आणि ‘ल’ जसेच्या तसे ठेवून, आणि तेही त्याच गळ्यातून वाचावे. डेमोमध्ये दोन्ही पाने एकामागोमाग असावीत, आणि आजीचे पान आधी.