भाषा बदलली, पण वेदी कुणाची?

वसईतल्या आमच्या बचतगटाच्या बैठकीत एका आजीने मोबाईलवर फोटो दाखवला. अमेरिकेत नोकरी करणारी तिची नात चर्चच्या दारात उभी, डोक्यावर पांढरी जाळीची ओढणी. आजी म्हणाली, "ही आता लॅटिन मिस्साला जाते. आमच्या लहानपणी तीच होती. फादरची पाठ आमच्याकडे, बोललेलं कळायचं नाही. आम्ही बाया आपल्या जपमाळ ओढत बसायचो. मग मराठी मिस्सा आली, वाटलं सुटलो. आता पोरगी स्वतःहून परत तिकडेच चालली!"

बैठकीत हशा पिकला. मला मात्र तो प्रश्न सोडवेना.

नात जाते ते चर्च 'फ्रॅटर्निटी ऑफ सेंट पीटर' या धर्मगुरूंच्या संघाचं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मिस्सा लोकभाषांत आली. फ्रान्सचे आर्चबिशप लफेव्र यांना हे बदल मान्य नव्हते. जून १९८८ मध्ये त्यांनी पोपच्या परवानगीविना चार बिशपांना दीक्षा दिली, तेव्हा त्यांचे काही धर्मगुरू बाजूला झाले. जुनी मिस्साही हवी आणि पोपशी नातंही तोडायचं नाही, म्हणून १८ जुलै १९८८ रोजी स्वित्झर्लंडमधल्या एका मठात त्यांनी हा संघ स्थापला. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी लॅटिन मिस्सेवर कडक बंधनं घातली. तरीही फेब्रुवारी २०२२ मध्ये या संघाला १९६२ चे जुने विधी चालू ठेवण्याची लेखी मुभा त्यांनीच दिली.

लॅटिनशी माझं भांडण नाही. अर्थ न कळताही एखादा सूर मनाला धीर देतो, हे आपल्या आयाबायांना सांगायला नको. या चर्चमधलं प्रवचनही लोकांच्या भाषेतच होतं. प्रश्न आहे तो विधीबरोबर परत येणाऱ्या रचनेचा. १९१७ च्या चर्च-कायद्यात स्त्रीने चर्चमध्ये डोकं झाकावं असा नियम होता. १९८३ च्या कायद्यातून तो गेला, पण इथे रीत म्हणून टिकला. नव्या मिस्सेत वाचन करायला बाई उभी राहते. १९९४ पासून मुलींना वेदीसेवेची परवानगी मिळाली. जुन्या विधीत मात्र वेदीच्या कठड्याआत फक्त पुरुष आणि मुलगे.

"ती तर स्वखुशीने जाते," असं कुणी म्हणेल. खरंच आहे. ती शिकलेली आहे, कमावती आहे; तिला अडाणी ठरवण्याचा उद्धटपणा आपण करू नये. परक्या देशात एकटं राहताना तिला तिथे शांतता मिळत असेल, माणसं मिळत असतील. पण निवड तिची असली तरी कठडा कुणी घातला, हे विचारायलाच हवं. जुनी मिस्सा ठेवायची की बंद करायची, या सगळ्या वादात परवानगी मागणारे पुरुष, देणारे पुरुष आणि काढून घेणारेही पुरुषच. ओढणी घेणाऱ्या बाईलाही कुणी विचारलं नाही, न घेणारीलाही नाही.

मैत्रिणींनो, आपल्या मराठी मिस्सेचंही फार कौतुक नको. मुलींना वेदीसेवा खुली झाली त्याच १९९४ साली, मे महिन्यात, स्त्रियांना धर्मगुरूपदाची दीक्षा देण्याचा अधिकार चर्चला नाही, असं पोप जॉन पॉल दुसरे यांनी जाहीर केलं. तो निर्णय आजही कायम आहे. म्हणजे वाचन मराठीत आणि बाईच्या तोंडून झालं, तरी वेदीवरचा अधिकार पुरुषाकडेच राहिला. जुना विधी हे उघड दाखवतो, नवा थोडं झाकतो, एवढंच. आणि आपल्यापैकी ज्या ख्रिस्ती नाहीत, त्यांनी आपापल्या देवळाचा गाभारा आठवावा.

निघताना आजीला विचारलं, "नातीला काय सांगणार?" ती म्हणाली, "ओढणी घे, नको घेऊ, तुझं तू बघ. पण फादरला एकदा विचार, आत कधी घेणार?"

हा प्रश्न प्रत्येक गटाच्या बैठकीत विचारला जावा, असं मला वाटतं.