बरे झाल्याची पट्टी

दुधनीच्या बाजार समितीच्या आवारात तूर घेऊन आलेला शेतकरी, मग तो अक्कलकोट तालुक्यातला मराठी बोलणारा असो वा सीमेपलीकडच्या आळंद-अफझलपुराकडचा कानडी बोलणारा असो, माल तोलून झाल्यावर पट्टी हातात पडल्यावाचून माघारी वळत नाही. आणि त्या पट्टीवर पोती किती, वजन किती, भाव काय, हमाली-तोलाईपोटी वजा काय झाले, हे सारे नमूद असते, कारण उद्या तंटा उद्भवलाच तर मनुष्याच्या स्मरणापेक्षा कागदाचा आधार बळकट, हे व्यवहारज्ञान या गावाला पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. परंतु याच गावातले एखादे मूल रक्ताच्या कर्करोगाने आजारी पडून दोन-तीन वर्षांच्या उपचारांनंतर मुंबईहून बरे होऊन परतले, तर त्याच्या शरीरात कोणते औषध किती गेले आणि त्यापोटी काय वजा झाले, याची पट्टी त्याच्यापाशी असेलच, असे मात्र खात्रीने सांगवत नाही.

एके काळी हा प्रश्नच उपस्थित होत नसे. १९४८ साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या १६ बालकांना अमिनोप्टेरिन हे औषध दिले, ज्याच्या निर्मितीमागे यल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रपुत्राच्या प्रयोगशाळेचे परिश्रम होते, तेव्हा त्यांतील १० बालकांचा रोग तात्पुरता मागे हटला, एवढ्यानेच वैद्यकविश्व चकित झाले होते. तेथून निघालेला प्रवास इतका दूरवर आला आहे, की संपन्न देशांत आज कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. आणि २०३० पर्यंत साऱ्या जगात हे प्रमाण निदान ६० टक्क्यांवर न्यावे, असा संकल्प जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सोडला आहे. १९४१ साली परळला उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयाचा आपल्याकडील या यशात मोठा वाटा आहे, हे तर सोलापूर जिल्ह्यातील खेडेगावालाही सांगावे लागत नाही. कर्करोग म्हटला की 'टाटाला नेले का?' हाच पहिला प्रश्न ओसरीवर विचारला जातो.

मात्र रोग गेला म्हणजे ऋण फिटले, असे शरीराचा हिशेब सांगत नाही. जे लाल रंगाचे औषध सलाइनमधून थेंबथेंब उतरताना आईबापांनी पाहिलेले असते, ते डॉनोरुबिसिन वा डॉक्सोरुबिसिन कर्कपेशींप्रमाणेच हृदयाच्या स्नायूलाही दुर्बल करू शकते, आणि एकूण मात्रा शरीरपृष्ठाच्या दर चौरस मीटरमागे २५० मिलिग्रॅमच्या वर गेली असल्यास हा धोका विशेष वाढतो. सिस्प्लॅटिनमुळे उंच स्वर ऐकू येईनासे होतात व मास्तर त्या मुलाला लक्ष नसलेला ठरवितात. डोक्याला दिलेल्या किरणांमुळे, ज्याला आपल्याकडे 'शेक दिला' म्हणतात, उंची खुंटते आणि गणित वा पाठांतर जड जाऊ लागते. सायक्लोफॉस्फामाइडसारख्या औषधांची मात्रा जास्त झाली असल्यास अपत्यप्राप्तीत अडचण येते. आणि क्वचित किरण दिलेल्या जागी पुष्कळ वर्षांनी दुसराच कर्करोग उद्भवतो. अमेरिकेत १९७० ते १९८६ या काळात बालपणी कर्करोग होऊन गेलेल्या १०,३९७ जणांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ऐन तिशीच्या आत-बाहेर असलेल्या या मंडळींपैकी ६२ टक्क्यांना एखादा तरी जुनाट विकार जडलेला आढळला, आणि २७ टक्क्यांहून अधिक जणांचा विकार गंभीर स्वरूपाचा होता. त्या काळापेक्षा आजचे उपचार पुष्कळ सौम्य झाले आहेत, आणि बरे झालेल्यांपैकी अनेक जण शिकतात, नोकरी करतात, संसार करतात, हेही तितकेच खरे आहे. म्हणून हे आकडे भयभीत करण्यासाठी नव्हेत, सावध करण्यासाठी आहेत.

सावधपणाचे मोल किती, हे समजण्यासाठी दूर जावयास नको. सहाव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगातून उठलेला एखादा मुलगा सव्विसाव्या वर्षी याच आवारात हमाली करीत असेल, आणि पोते पाठीवर घेताना त्याला धाप लागत असेल, तर गावातला डॉक्टर त्याला तंबाखू सोडावयास सांगेल, रक्त वाढविण्याच्या गोळ्या देईल. हृदयाची सोनोग्राफी करावी, हे त्याला सुचणार कसे, जर त्या लाल औषधाची वार्ताच त्याच्या कानी गेली नसेल? तीच गोष्ट बाळंतपणाची. गरोदरपणात हृदयावर पडणारा भार बालपणी हे औषध घेतलेल्या स्त्रीच्या बाबतीत आधीपासून तपासून घ्यावा लागतो. परंतु लग्न जमविताना ज्या घराने मुलीचा जुना आजार झाकला, त्या घराने आजाराबरोबर त्याची फाईलही माळ्यावर टाकलेली असते. या लपवाछपवीबद्दल त्या घराला दोष देणे सोपे आहे. पण ज्या समाजात एवढ्या एका कागदावरून स्थळ परत फिरते, त्या समाजानेच ती फाईल माळ्यावर चढविली आहे, हे आपण कबूल करावयास हवे.

बरे झाल्यानंतरच्या तपासणीच्या गरजेची जाणीव आपल्याकडे कोणालाच नव्हती, असे नाही. टाटा रुग्णालयात डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने १९९१ सालीच उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी स्वतंत्र तपासणी विभाग सुरू झाला, आणि बालपणी कर्करोगातून बरे झालेल्यांनीच इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने 'उगम' हा गट उभा केला, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट होय. परंतु दुधनीपासून मुंबई पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर. सोलापूर गाठावे, रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने जावे, तपासणी लांबलीच तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा शोधावी; हे सारे जीव वाचविण्यासाठी माणूस करतो, पण आपण धडधाकट आहोत असे वाटू लागल्यावर दरसाल करीत नाही. रेल्वे कर्करुग्णाला नियतकालिक तपासणीसाठीही भाड्यात सवलत देते खरी. परंतु सवलत भाड्यात मिळते, बुडालेल्या रोजात मिळत नाही.

यावर कोणी म्हणेल, जेथे कित्येक मुलांचे निदानसुद्धा वेळेवर होत नाही, तेथे बऱ्या झालेल्यांसाठी सरकारी तिजोरी कशाला उघडावी? आक्षेप वरकरणी सयुक्तिक वाटतो. परंतु ज्या जीवासाठी समाजाने, सरकारने आणि देणगीदारांनी लाखो रुपये खर्चिले, त्याला पुढे काही सोनोग्राफींच्या व रक्तचाचण्यांच्या अभावी खचू देणे, ही काटकसर नव्हे, उधळपट्टी होय. शिवाय यासाठी नवे खाते निर्माण करावे लागत नाही. शाळकरी मुलांच्या आरोग्यतपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली याच महाराष्ट्रातून सुरू झाला. त्याच्या पथकाने प्रत्येक शाळेत 'पूर्वी कर्करोगाचा उपचार झाला आहे काय?' एवढा प्रश्न विचारावा. त्या कार्यक्रमाची मुदत अठराव्या वर्षी संपते आणि नेमके त्यानंतर हे धोके डोके वर काढतात, म्हणून सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात महिन्यातून एक दिवस या तरुणांसाठी राखावा. दुधनीचा रोगी सोलापूरप्रमाणेच कलबुर्गीलाही जातो, तेव्हा त्याच्या उपचारांचा कागद मराठीत व कानडीत, दोन्हीत असावा. आणि तो रुग्णालयाच्या दप्तरात नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या ताब्यात असावा, म्हणजे कोणाला दाखवावयाचा आणि कोणाला नाही, हा अधिकार त्याचा राहील. हे या जिल्ह्याला अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली याच जिल्ह्यात, बार्शीला सुरू झाली, आणि तिच्या कार्यकर्त्यांनी रुग्णालयात बसून न राहता गावोगाव हिंडून नोंदी गोळा केल्या. ज्यांनी रोगाची नोंद ठेवावयास शिकविले, त्यांना आरोग्याची नोंद जड जाऊ नये.

या कागदावर सहा ओळी पुरतील: रोगाचे नाव व निदानाची तारीख, औषधांची नावे व त्यांची एकूण मात्रा, किरण कोठे व किती दिले, शस्त्रक्रिया कोणती, रक्त केव्हा चढविले, आणि यापुढे कोणती तपासणी किती वर्षांनी करावयाची. पहिल्या पाच ओळी तर अडत्याच्या पट्टीसारख्याच, झालेल्या व्यवहाराच्या आहेत. फरक आहे तो सहाव्या ओळीत. अडतीची पट्टी हाती आली, की हिशेब मिटतो आणि शेतकरी गाडी जुंपून घरी जातो. या पट्टीने हिशेब मिटत नाही, तो जन्मभर उघडा राहतो, आणि तो उघडा राहण्यातच त्या मुलाचे हित आहे.