सोनं शुद्ध, पण धूर कुणाच्या छातीत?

घाना, पेरू, इंडोनेशियातल्या छोट्या खाणींत सोनं वेगळं करायला आजही पारा वापरतात. दळलेल्या खनिजातले सोन्याचे कण पारा धरून ठेवतो. मग तो गोळा तापवतात; पारा वाफ होऊन उडतो, सोनं मागे उरतं. कित्येकदा हे काम घरातल्या चुलीवरच होतं.

या वाफेला रंग नाही, वास नाही. श्वासातून आत गेलेल्या वाफेचा सुमारे ८० टक्के भाग फुप्फुसांतून रक्तात शिरतो. मग हात थरथरतात, झोप उडते, विसराळूपणा व चिडचिड वाढते, मूत्रपिंडं बिघडतात. लहान मुलं आणि पोटातलं बाळ यांना धोका सर्वांत जास्त. हवेतला पारा शेवटी पाण्यात उतरतो आणि माशांतून ताटात येतो.

२०१७ पासून लागू असलेला मिनामाता करार असं उघड्यावर तापवणं थांबवायला सांगतो. भारतही त्यात आहे. पण माझ्या मते नुसत्या बंदीने पोटासाठी चाललेलं काम थांबत नाही, ते लपून चालतं. बंद भांड्यात तापवलं तर बराचसा पारा थंड होऊन परत मिळतो. ही भांडी आधी खाणकामगारांपर्यंत पोहोचवा. त्याहून चांगला उपाय फिलिपिन्समधल्या बेंग्वेटच्या खाणकामगारांकडे आहे. ते पाऱ्याऐवजी टाकणखार वापरतात, तोच जो आपल्या सोनाराकडे असतो.

हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, ते कसं काढलं हे सांगत नाही. पुढच्या खरेदीला तेही विचारा.